भरलेले पैसे आणि बिघडलेली प्रकृती

मध्यमवर्गीय मराठी घरात सहल ही काही एकाएकी ठरणारी गोष्ट नव्हे. तिच्यासाठी वर्षभर भिशी लावली जाते, बोनसमधून काही रक्कम बाजूला पडते, वडिलांची रजा आणि मुलांच्या परीक्षा यांचा मेळ घातला जातो, आणि मगच सहल कंपनीच्या कार्यालयात जाऊन पैसे भरले जातात. गाडीचे तिकीट आगाऊ, हॉटेलची खोली आगाऊ, जेवणखाण आणि प्रेक्षणीय स्थळांची बससुद्धा आगाऊ! म्हणजे निघण्यापूर्वीच सहल आपण विकत घेतलेली असते. अनुभवायची तेवढी बाकी राहते. नेमक्या अशा वेळी घरातले कोणी आजारी पडले तर?

अशा वेळी दोन प्रश्न एकदम उभे राहतात. जायचे की नाही, हा पहिला. आणि भरलेल्या पैशांचे काय, हा दुसरा. माझ्या मते साऱ्या गोंधळाचे मूळ हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतण्यात आहे. पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारायचा असतो, दुसरा कायद्याला. आपण मात्र पहिल्याचे उत्तर दुसऱ्याकडे पाहून देतो. हे दोन प्रश्न वेगळे का ठेवावेत आणि ठेवल्यावर प्रत्येकाचे काय करावे, एवढेच प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

हा विषय मला पुस्तकातून सुचलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात आई, बाबा, धाकटी बहीण आणि मी असे चौघे सिमला-मनालीला निघणार होतो. माणशी साडेचोवीस हजार, म्हणजे एकूण ९८,००० रुपये, आम्ही फेब्रुवारीतच भरले होते. निघायला अकरा दिवस राहिले असताना आईच्या पोटात उजव्या बाजूला, बरगडीखाली, दुखू लागले. ‘पित्त झालंय, होईल कमी,’ असे म्हणून तिने तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी ताप भरला तेव्हा बाबा तिला जवळजवळ जबरदस्तीनेच दवाखान्यात घेऊन गेले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आणि सूज दिसली. डॉक्टरांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायला सांगितले, आणि सुजलेले पित्ताशय घेऊन प्रवासाला निघणे धोक्याचे आहे हेही स्पष्ट केले. सूज वाढून पू होऊ शकतो, क्वचित पित्ताशय फुटूही शकते. एवढे ऐकल्यावर आईचे पहिले वाक्य होते, ‘अहो, पण पैसे भरलेत ना! आल्यावर करू ऑपरेशन.’

हे वाक्य मला तेव्हा फार लागले. आजही आठवले की लागते. आईला आपल्या जिवाची काळजी नव्हती असे नाही. पण तिच्या मनातल्या तराजूत एका पारड्यात तिचे दुखणे होते आणि दुसऱ्यात आमचे अठ्ठ्याण्णव हजार. आपल्यामुळे घराचे नुकसान होते आहे, ही टोचणी तिला दुखण्याहून अधिक होती. घरोघरच्या आया, आजोबा आणि आज्या अशाच दुखणी लपवत असतील, तर हा प्रश्न केवळ पैशांचा नाही.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. आमच्या शास्त्रात अशा पैशाला ‘बुडीत खर्च’ म्हणतात. जो खर्च होऊन गेला आहे आणि आपण काहीही ठरवले तरी परत येणार नाही, तो पुढच्या निर्णयात धरायचा नसतो, असे शास्त्र सांगते. माणसाचे मन मात्र तसे वागत नाही. हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याची गंमतीदार चाचणी आहे, आणि योगायोगाने तीही सहलीचीच आहे. समजा, तुम्ही मिशिगनच्या बर्फावरील खेळांच्या सहलीसाठी शंभर डॉलर भरले, आणि नंतर विस्कॉन्सिनच्या तशाच सहलीसाठी पन्नास डॉलर भरले. विस्कॉन्सिनला अधिक मजा येईल असे तुम्हाला वाटते. पण दोन्ही सहली एकाच शनिवार-रविवारी निघाल्या, आणि पैसे कुठलेच परत मिळणार नाहीत. कुठे जाल? दीडशे डॉलर तर दोन्हीकडे गेलेलेच आहेत. तेव्हा जिथे मजा अधिक तिथे जावे, हे उघड आहे. तरीही अर्ध्याहून अधिक जणांनी महागडी सहल निवडली. जास्त पैसे भरले आहेत, ते ‘वसूल’ व्हायला हवेत, एवढेच त्यामागचे कारण!

आमच्या आईचे गणित हेच होते. पण नीट पाहिले तर ते चुकते. समजा, एकही पैसा परत मिळणार नव्हता. मग सहलीला गेलो तरी ९८,००० गेले आणि न गेलो तरी ९८,००० गेले. उरला प्रश्न एवढाच की आता पुढे काय बरे : वेळेवर शस्त्रक्रिया, की दुखणारे पोट घेऊन थंडीत आणि घाटरस्त्यात आठ दिवस? बाबांनी हे शास्त्र न शिकताच सांगितले, ‘पैसे गेलेत असं समज. आता बोल, मनालीला जायचं की दवाखान्यात?’ आई गप्प राहिली, आणि दुसऱ्या दिवशी दाखल झाली.

याबाबतीत राजालाही सुटका नाही. १९०२ च्या जूनमध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ तारखेला व्हायचा होता. परदेशी पाहुणे येऊन थांबले होते, लंडनचे रस्ते सजले होते. राजाच्या पोटात दुखत होते, आणि समारंभ पुढे ढकलायला तो तयार नव्हता. अखेर दोन दिवस आधी, २४ जूनला, फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या शल्यविशारदाने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. राजा वाचला आणि ९ ऑगस्टला त्याला राज्याभिषेकही झाला.

या दुखण्यातून काही न्यायालयीन खटले उभे राहिले. मिरवणूक पाहण्यासाठी हेन्री नावाच्या गृहस्थाने पॉल मॉल रस्त्यावरील क्रेल यांच्या खोल्या दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना घेतल्या होत्या, आणि त्यांपैकी २५ पौंड आगाऊ भरले होते. मिरवणूकच निघाली नाही, तेव्हा उरलेले ५० पौंड का द्यावेत? ते द्यावे लागणार नाहीत, असा निर्णय १९०३ साली झाला. कारण मिरवणूक हाच दोघांच्याही व्यवहाराचा पाया होता आणि तोच नाहीसा झाला होता. दुसऱ्या एका खटल्यात मात्र चँडलर यांनी आधीच भरलेले १०० पौंड त्यांना परत मिळाले नाहीत. ज्याचे जिथे नुकसान झाले तिथेच ते राहू द्यावे, असा तेव्हाचा इंग्रजी न्याय होता. तो बदलायला तिकडे १९४२-४३ साल उजाडावे लागले.

आपल्या १८७२ च्या भारतीय करार कायद्यात अशा प्रसंगाची सोय आरंभापासूनच आहे. करार पार पाडणे अशक्य झाले तर कलम ५६ प्रमाणे तो रद्दबातल होतो, आणि अशा करारातून ज्याला जो लाभ झाला तो त्याने परत करावा, असे कलम ६५ सांगते. दरड कोसळून रस्ताच बंद झाला, सरकारने प्रवासबंदी केली, तर या कलमांचा आधार घेता येतो.

पण आपल्या घरातील आजाराला हा न्याय लागू होतोच असे नाही. राजा आजारी पडला तेव्हा मिरवणूक कोणासाठीच निघाली नाही. माझी आई आजारी पडली तरी मनालीची बस सुटणारच होती, आणि बाकीचे प्रवासी त्यात बसणारच होते. कायद्याच्या दृष्टीने येथे करार अशक्य झालेला नसतो. आपण त्यातून माघार घेत असतो. माघार घेणाऱ्याने समोरच्याचे नुकसान भरून द्यावे, हेही न्याय्यच आहे. सहल कंपनीने आपल्या नावाने खोल्या राखून ठेवल्या, बसमधली जागा अडवली; त्या खर्चाचा भार तिने एकटीने का सोसावा?

तर मग पावतीच्या मागे बारीक अक्षरांत ‘पंधरा दिवसांच्या आत रद्द केल्यास कोणतीही रक्कम परत मिळणार नाही’ असे छापलेले असते, तो शेवटचा शब्द मानायचा का? येथे त्याच कायद्याचे कलम ७४ उपयोगी पडते. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा होय; प्रत्यक्षात मिळते ती त्या मर्यादेतील वाजवी भरपाई. १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इसाऱ्याचे १,००० रुपये विक्रेत्याकडे राहू दिले, पण त्यापुढे भरलेले २४,००० रुपये केवळ करारात लिहिले आहे म्हणून जप्त करू दिले नाहीत. २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात, मुळात नुकसान झालेले असेल तरच भरपाई, हे तत्त्व पुन्हा सांगितले गेले. शिवाय कलम ७३ असेही सुचवते की, नुकसान मोजताना ते टाळण्याचे कोणते उपाय हाताशी होते हे पाहावे. आपली जागा दुसऱ्या प्रवाशाला विकली गेली असेल, तर त्या जागेचे नुकसान कसले?

आमच्या अनुभवावरून सांगतो. एजंटाने फोनवर ‘नियम म्हणजे नियम’ एवढेच उत्तर दिले. बाबांनी भांडण केले नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून त्याच दिवशी पत्र दिले आणि पोचपावती घेतली. पत्रात तीनच गोष्टी विचारल्या : आमच्यासाठी कोणता खर्च प्रत्यक्ष झाला, त्यातला कोणता परत मिळण्यासारखा आहे, आणि आमच्या जागा दुसऱ्या कोणाला दिल्या का. महिन्याभराने हिशेब मिळाला. दोन जागा विकल्या गेल्या होत्या, रेल्वेचा काही परतावा आला होता, आणि एका हॉटेलने रक्कम पुढच्या हंगामासाठी धरली होती. ९८,००० पैकी ५४,००० रुपये हाती आले. उरलेले गेले. पण ते का गेले हे कळले, त्यामुळे मनात किल्मिष राहिले नाही.

यातून लक्षात आले की सहलीचे पैसे म्हणजे एक गठ्ठा नसतो. त्याचे तुकडे करून पाहावे लागतात. रेल्वेचेच पाहा. १२ नोव्हेंबर २०१५ पासून लागू झालेल्या नियमांत, निश्चित तिकीट गाडी सुटण्याच्या ४८ तासांपूर्वी रद्द केले तर स्लीपरला १२० रुपये कापत; ४८ ते १२ तासांत भाड्याचा चौथा हिस्सा, आणि १२ ते ४ तासांत निम्मा. आकडे वेळोवेळी बदलतात, ते प्रवासाच्या वेळचे पाहावेत. तत्त्व मात्र एकच : जितका उशीर तितकी कात्री मोठी. म्हणूनच ‘बरं वाटलं तर जाऊ’ म्हणत शेवटच्या दिवसापर्यंत थांबणे महागात पडते. विमानाचे तिकीट ‘परतावा नाही’ या प्रकारचे असले तरी त्यातील सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मागता येते. अनेकांना हे ठाऊक नसते. परदेशी व्हिसाचे शुल्क मात्र बहुधा गेलेच समजावे. घरातील दुसरे कोणी जाऊ शकत असेल, तर रेल्वेचे निश्चित तिकीट आईवडील, भावंडे, मुले किंवा पतिपत्नी यांच्या नावे करून घेण्याची सोय आहे. त्यासाठी गाडीच्या किमान २४ तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज द्यावा लागतो.

विम्याबद्दल दोन शब्द. सहल रद्द झाल्यास भरपाई देणारा प्रवास विमा मिळतो, आणि त्यात जवळच्या कुटुंबीयाला रुग्णालयात दाखल करावे लागणे हे कारण पुष्कळदा धरलेले असते. पण तो आजारापूर्वी घ्यावा लागतो, आणि जुने दुखणे बहुधा वगळलेले असते. तहान लागल्यावर खणलेली विहीर येथे चालत नाही. रेल्वेचे तिकीट काढताना काही पैशांत मिळणारा विमा अपघातापुरता आहे. सहल रद्द होण्याशी त्याचा संबंध नाही.

आणि समोरचा हिशेबच देत नसेल तर? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लादणाऱ्या कराराला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ म्हटले आहे; तशी तक्रार राज्य आयोगाकडे करता येते. अर्थात, त्यासाठी कागद हवेत : पावती, अटींचे पत्रक, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, आणि रद्द केल्याचे तारीखवार पत्र. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते.

वाचकमित्रांनो, हे सारे जाणून घेण्याचा खरा उपयोग चार पैसे सोडवून आणण्यापुरता नाही. पैशांचा प्रश्न सोडवण्याची वेगळी वाट आहे, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असले, म्हणजे आजारी माणसाला आपले दुखणे पैशांच्या तराजूत घालावेसे वाटणार नाही. ‘सर सलामत तो पगडी पचास’ ही म्हण आपण सगळेच म्हणतो. पण अंथरुणावरच्या माणसाला ती ऐकवून भागत नाही. त्याला तसे वाटावे लागते. म्हणून सहलीचे पैसे भरतानाच घरात एकदा मोठ्याने बोलून ठेवावे की कोणाचे काही दुखलेखुपले तर सहल राहील, आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावणार नाही. या वाक्याला खर्च काहीच येत नाही. पैसे भरल्याच्या पावतीइतकेच तेही जपून ठेवण्यासारखे आहे.