कीचकाचे दुसरे नाव

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या अरण्यात बांबूच्या बेटांतून वारा शिरला म्हणजे शीळ घातल्यासारखा नाद उठतो. असा नाद करणाऱ्या पोकळ बांबूस संस्कृतात ‘कीचक’ म्हणतात. कालिदासाच्या काव्यांत हे कीचक वाऱ्याने वाजत असतात. विराटाच्या उन्मत्त सेनापतीचेही नाव तेच. हा श्लेष व्यासांना अभिप्रेत होता की नाही, हा वाद पंडितांनी करावा; पण आत पोकळ आणि वारा भरला की आवाज मोठा, हे वर्णन त्या सेनापतीस खासे शोभते.

धानाची कापणी आटोपली की याच मुलखात झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. वडसा हे नाटकमंडळ्यांचे मोठे ठाणे. मांडवात बसलेल्या प्रेक्षकास कीचक कोण, सैरंध्री कोण, हे सांगावे लागत नाही. नाव उच्चारले की अर्धी कथा त्याच्या मनात आपोआप उभी राहते. राजकीय रूपक रचणाऱ्या नाटककाराचे भांडवल ते हेच.

‘केसरी’च्या संपादकवर्गातील कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी हे भांडवल पुरेपूर वापरले. लॉर्ड कर्झन १९०५ साली बंगालची फाळणी करून मायदेशी परतला होता. लोकांचा संताप मात्र मागेच राहिला होता. १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रेक्षकांनी मनोमन दुसरीच पात्रयादी वाचली. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल.

ही योजना वरवरची नव्हे. ‘युधिष्ठिर’ म्हणजे युद्धात स्थिर राहणारा. परंतु भर सभेत द्रौपदीचा अपमान होत असता तोच भीमाला आवरतो. अर्ज-विनंत्यांवर भिस्त ठेवणाऱ्या मवाळांना याहून बोचरे नाव कोणते मिळणार? शिवाय विराट नावाचा राजा, सत्ता खरी कीचकाच्या हाती. व्हाइसरॉय तरी राजा कुठे असतो?

गंमत अशी की, अज्ञातवासात पांडव सारे टोपणनावांनी वावरतात. युधिष्ठिर कंक होतो, भीम बल्लव, द्रौपदी सैरंध्री. एकट्या कीचकाला दुसरे नाव नाही. ते प्रेक्षकांनी दिले, आणि नाटकात कोठेही न उच्चारलेले ते नाव पकडणे पोलिसांना अवघड होते. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी मात्र १९१० मधील आपल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या ग्रंथात नावांचा हा उलगडा चारचौघांत केला.

पौराणिक कथेवर बंदी घालायची, तर तिच्यातील दुष्ट म्हणजे आपलाच माजी व्हाइसरॉय, हे सरकारला आधी मान्य करावे लागणार होते. १९१० साली सरकारने ते मान्य केले.