लहान दुकानाचें पत्र



परभणीच्या बाजारांत कापडाचा, भांड्यांचा किंवा पुस्तकांचा धंदा करणारे कित्येक गृहस्थ अलीकडे एकच तक्रार करतात. दूरच्या कंपनीचा माल खोक्यांत बांधून गिऱ्हाइकाच्या दारांत येऊन पडतो, आणि आम्ही मात्र गादीवर वाट पाहत बसतों. तक्रार खोटी नाहीं. परंतु ह्या मंडळींजवळ एक वस्तु अशी आहे, कीं जी त्या कंपनीपाशीं नाहीं. ती म्हणजे त्यांची जुनी वही. तींत नांव, गांव आणि रक्कम एवढेंच लिहिलेलें असतें. पण तें नांव वाचतांच कोणाच्या घरीं केव्हां लग्न झालें, कोणाला कोणता काठ आवडतो, हें सारें मालकाला आठवतें. अशा ओळखीच्या माणसास दुकानानें स्वतः होऊन पत्र लिहावें, हा आजचा विषय.

ही युक्ति नवी नव्हे. अमेरिकेंत शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड यानें १८७२ सालीं एकाच कागदावर मालाची यादी व किंमती छापून खेड्यांतल्या शेतकऱ्यांकडे टपालानें धाडल्या. आपल्या देशांत १८५४ सालीं अर्ध्या आण्याचा एकसारखा टपालदर ठरला, १८७७ सालीं व्ही. पी. सुरू झाली आणि १८७९ सालीं एका पैशाचें कार्ड निघालें. परभणीची गोष्ट थोडी निराळी. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यांत होतों, आणि त्या राज्याचें टपालखातें व तिकिटेंहि स्वतंत्र होतीं. तें खातें १९५० सालीं भारतीय टपालांत मिळालें.

मराठी मुलखांतला उत्तम दाखला किर्लोस्करवाडीचा. लक्ष्मणरावांनीं १९१० सालीं वाडी वसविली, तेव्हां लोखंडी नांगरानें जमिनींत विष भिनतें अशी शेतकऱ्यांची समजूत होती. अशी समजूत भिंतीवरच्या जाहिरातीनें जात नाहीं. १९२० सालीं शंकररावांनीं ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती कारखान्याची व मालाची माहिती लोकांपर्यंत पोंचावी म्हणून. पण नुसती माहिती कोण जपून ठेवतो? तींत वाचण्याजोगा मजकूर येऊं लागला, आणि पुढें तिचें ‘किर्लोस्कर’ हें नामांकित मासिक झालें. दुकानाच्या पत्रांतहि गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा कांहीं तरी मजकूर हवा. इरकल पहिल्यांदा कशी धुवावी, पितळेची कल्हई केव्हां करून घ्यावी, एवढें सांगितलें तरी पुष्कळ झालें.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम वहींतून गेल्या दोन वर्षांत आलेल्यांचीं नांवें निराळीं काढावीं. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड अशीं गांववार लावावीं आणि प्रत्येकापुढें पिन लिहावा. परभणी शहराचा ४३१४०१ आहे. हे सहा आंकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून आले, आणि ते योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतांत लिहिणारे कवि होते. पाकिटावरील पत्ता हातानें लिहावा. आंत ‘सन्माननीय ग्राहक’ असें छापूं नये. ‘काकू’, ‘ताई’, ‘भाऊ’, ज्या नांवानें दुकानांत हांक मारतां, त्याच नांवानें मायना लिहावा. एका पत्रांत गोष्ट एकच असावी.

वेळ साधणें सर्वांत महत्त्वाचें. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास हातीं येतात, कापसाचे त्यानंतर. लग्नाची खरेदी तुळशीच्या लग्नानंतर वाढते. पत्र त्याच्या आठ-दहा दिवस आधीं पोंचावें. पाऊस बुडाला त्या सालीं मात्र उधारीवर नव्या लुगड्यांचा मोह घालणारें पत्र कोणीं धाडूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. विकलें जाईल कदाचित्, पण वसूल करतांना माणूस तुटेल.

उधारीवरून आठवलें. एका व्यापाऱ्यानें बाकीची आठवण उघड्या कार्डावर लिहून धाडली. कार्ड पारावर चारचौघांत वाचलें गेलें. त्या शेतकऱ्यानें दुसऱ्या दिवशीं पैसे आणून टाकले, आणि पुन्हां त्या दुकानाची पायरी चढला नाहीं. त्याचे भाऊबंदहि चढले नाहींत. पैशाची गोष्ट बंद पाकिटांतच असावी.

खर्चाचा हिशेब मांडून पाहूं. साध्या पाकिटाला ५ रुपयांचें तिकीट लागतें. कागद-पाकिटाचे २ रुपये धरले, तर २०० पत्रांस १,४०० रुपये होतात. समजा, त्यांतून १० गिऱ्हाइकें आलीं आणि प्रत्येकामागें ३०० रुपये नफा झाला, तर ३,००० मिळाले. पण घाई करूं नका! त्यांतले कांहीं पत्रावांचूनहि आलेच असते. म्हणून त्याच यादींतलीं ५० नांवें, दर पांचवें एक याप्रमाणें, मुद्दाम पत्राशिवाय ठेवावीं आणि त्यांतून किती येतात तें पाहावें. पत्र न धाडलेल्या ५० पैकीं दोघे आले, तर २०० पैकीं ८ तसेच आले असते असें समजावें. म्हणजे पत्रानें दोनच माणसें आणलीं, नफा ६०० आणि खर्च १,४००. हा हिशेब कडू आहे, पण शाळेंतल्या त्रैराशिकापलीकडे त्यांत कांहीं नाहीं. कोण पत्रामुळें आलें हें कळावें म्हणून ‘येतांना हें पत्र आणावें’ अशी एक ओळ लिहावी, आणि पत्र आणणारास पिशवी किंवा लहानशी सूट द्यावी.

ही यादी दुसऱ्या दुकानदारास उसनी देऊं नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें २०२३ सालीं केलाच आहे. पण त्याहि आधीं, गिऱ्हाइकानें पत्ता आपल्याला दिला, शेजाऱ्याला नव्हे. कोणी ‘पत्र नको’ म्हटलें, तर त्याचें नांव त्याच्यादेखत खोडावें.

पाकिटाच्या मागें दुकानाचा पूर्ण पत्ता अवश्य असावा. म्हणजे न पोंचलेलीं पत्रें परत येतात. त्यांवर पोस्टमननें जें कारण लिहिलें असेल, गांव सोडलें, पत्ता अपुरा, मालक वारले, तें त्याच दिवशीं वहींत त्या नांवापुढें पेन्सिलीनें टिपून ठेवावें.