कोकणकडा आणि मागे सरलेली सह्याद्रीची धार

अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा समुद्रापासून सुमारे 100 किलोमीटर आत आहे. तरीही त्याची गोष्ट पश्चिम किनाऱ्याच्या गोष्टीपासून वेगळी काढता येत नाही.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. पुढे सेशेल्सचा भूखंड भारतापासून तुटून दूर गेला. मधल्या जागेत अरबी समुद्र पसरला आणि पठाराची पश्चिम बाजू खचली. याच्या खुणा आजही दिसतात. अकोले तालुक्यात बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे आहेत, पण पनवेल-मुंबईकडे तेच थर समुद्राच्या दिशेने कलतात. समुद्रातल्या तेलविहिरींतही गाळाखाली बेसाल्ट लागतो.

या खचण्याने तयार झालेला मूळ कडा किनाऱ्याच्या बराच जवळ होता आणि झिजत झिजत पूर्वेला सरकला, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. सध्याच्या जागीच प्रस्तरभंग झाला असावा, असेही एक मत आहे. पण झिजेचा पुरावा अधिक बोलका वाटतो. कोकणकड्याच्या अर्धगोल भिंतीत आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. घट्ट बेसाल्टला उभ्या भेगा असतात. दोन थरांमधली तांबडी माती आणि सच्छिद्र खडक मात्र मऊ असतात. पावसाने हा मऊ भाग आधी पोखरला जातो, वरच्या खडकाचा आधार सुटतो आणि तो उभ्या भेगेतून निखळून दरीत कोसळतो. म्हणून कडा झिजूनही उभाच राहतो. साम्रद गावाजवळच्या सांदण दरीत अशाच भेगा पाण्याने किती खोल चिरल्या आहेत, ते अगदी हाताच्या अंतरावरून पाहता येते.

कड्याच्या पश्चिमेचे ओढे उतार तीव्र असल्याने वेगाने कापत येतात. काळू नदीला मिळणारे पाणी उल्हास नदीतून थेट अरबी समुद्राला जाते. कड्यामागे उगम पावणाऱ्या मुळा आणि प्रवरा मात्र गोदावरीतून पार बंगालच्या उपसागराला मिळतात. पूर्वेकडची काही रुंद खोरी कड्याशी येऊन एकदम तुटतात. त्यांचा वरचा भाग कड्याने गिळला असावा.

झिजलेला खडक वाहून गेल्याने कोकणच्या भूमीवरचा भार हलका झाला, तर गाळाने समुद्रतळावरचा भार वाढला. त्यामुळे किनाऱ्यामागची जमीन हळूहळू वर उचलली गेली. 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर सह्याद्रीच्या या धारेलगतच असण्यामागे हेही एक कारण मानले जाते.