गोधडीला किती हात लागतात?

बेंगळूरुच्या जयनगरमधल्या फ्लॅटमध्ये गोधडी शिवायला घेतली की पहिली अडचण सुईदोऱ्याची नसते, जागेची असते. हॉलमध्ये सोफा आणि टीपॉय, बेडरूममध्ये पलंग, उरलेल्या कोपऱ्यात झुला. साडेसहा फूट लांब आणि चार फूट रुंद कापड सुरकुती न ठेवता पसरायचं आणि चारही बाजूंनी उकिडवं सरकत काम करायचं, म्हणजे निदान दहा बाय सातची मोकळी फरशी हवी. १९४८ साली या वस्तीचा आरंभ झाला. इथला अशोक स्तंभही त्याच काळातला. तेव्हाच्या घरांना गच्च्या होत्या, पडव्या होत्या. आता तीस बाय चाळीस फुटांच्या साइटवर चार मजले चढलेत आणि गच्चीवर सोलर हीटर आणि पाण्याच्या टाक्या. त्यामुळे इथल्या हौशी बायका गोधडीसाठी एकत्र येतात त्या अपार्टमेंटच्या कॉमन हॉलमध्ये, नाहीतर ज्या मैत्रिणीची गच्ची अजून शाबूत आहे तिच्याकडे. एकत्र शिवण्यातल्या आपुलकीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, पण एकत्र यायचं पहिलं कारण फरशी हे आहे.

दुसरं कारण थर. गोधडीचं कौशल्य शिवण्यापेक्षा थर लावण्यात जास्त आहे, असं माझं मत. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याची चौपदरी घडी घातली की दोन मीटर लांब आणि पन्ह्याइतकी, म्हणजे साधारण सव्वा मीटर रुंद चौघडी तयार. जाड हवी असेल तर पोटात धोतर, जुन्या चादरी, बनियन, जे असेल ते जातं. हे थर एकावर एक बसवताना एकटी बाई हमखास फसते. एक कोपरा ओढला की समोरचा तिरका होतो आणि मधे फुगवटा राहतो. तो त्या क्षणी दिसत नाही, चाळीस ओळी शिवून झाल्यावर दिसतो. म्हणून दोघींनी चार कोपरे धरायचे, कापड हवेत झटकून अलगद खाली सोडायचं आणि तिसरीने तळहाताने मधली हवा कडेकडे ढकलत न्यायची. मग मध्यापासून बाहेर लांब लांब कच्चे टाके. एवढं तास-दीड तासाचं काम झालं की बाकीची गोधडी एकटीनेही शिवता येते.

बाकीची म्हणजे किती, याचा हिशेब सहसा कोणी करत नाही. दोन मीटर बाय सव्वा मीटर म्हणजे अडीच चौरस मीटर. धावदोऱ्याच्या दोन ओळींत दोन सेंटिमीटरचं अंतर धरलं तर सव्वाशे मीटर शिवण झाली. सेंटिमीटरला एक टाका धरला तर साडेबारा हजार टाके. मिनिटाला दहा टाके घालणारा हात चांगला म्हणायचा, तरी वीस तासांच्या वर काम जातं, तेही सुईत दोरा ओवण्याचा वेळ सोडून. चांगल्या गोधडीत ओळी याहून जवळ असतात. प्रदर्शनात गोधडीची किंमत ऐकून ‘जुन्या साड्यांचे इतके पैसे?’ म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून बघावा.

जुनी साडीच का, यालाही कारण आहे, आणि ते नुसतं काटकसरीचं नाही. नवं सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतं, आणि प्रत्येक कापड वेगळं आटतं. चार प्रकारचं नवं कापड न धुता एकत्र शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर गोधडी आक्रसते आणि जागोजागी चुण्या पडतात. दहा वर्षं नेसलेलं लुगडं आटून आणि रंग सोडून मोकळं झालेलं असतं; त्यातून सुई लोण्यासारखी जाते. ते विरलेलंही असतं, पण दाट धावदोरा ताण सगळीकडे वाटून देतो, म्हणून एकेरी टिकलं नसतं ते कापड चार पदरांत पुढची पंधरा वर्षं काढतं. ऊब मिळते ती पदरांमध्ये अडकलेल्या हवेची. सिंथेटिक साडी मात्र घेऊ नये. घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून घसरतात, आणि टाका कितीही ओढला तरी सैलच पडतो.

महाराष्ट्रातल्या गोधड्यांत जी इरकली लुगडी सापडतात ती मुळात कर्नाटकातली, बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलच्या मागांवर विणलेली. तिथून ती सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे गेली, नेसली गेली, आणि वाकळीत, म्हणजे गोधडीतच, शिवली गेली. धारवाड-बेळगावकडे याच वस्तूला कौदी म्हणतात. उत्तर कर्नाटकात ती शिवणाऱ्यांत गोंधळी समाजाच्या बायका पुष्कळ. घरमालकिणीने जुन्या साड्यांचं गाठोडं काढून द्यायचं, या बायकांनी अंगणात किंवा झाडाखाली ते पसरून शिवायचं आणि मजुरी घेऊन पुढच्या गावाला जायचं. आजीच्या मायेची ऊब वगैरे आपण म्हणतो, तेव्हा ही मजुरीवर शिवणारी बाई त्या चित्रातून सोयीस्करपणे गळते. पुष्कळ घरांत साडी आजीची असायची आणि टाके दुसऱ्याच कुणाचे.

एकत्र शिवण्याचं मला सर्वांत जिवंत वाटणारं उदाहरण बेंगळूरुपासून रात्रभराच्या बसप्रवासावर आहे: उत्तर कन्नड जिल्ह्यातले हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड हे तालुके. इथले सिद्दी हे पूर्व आफ्रिकेतून, बरेचसे पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलाम म्हणून, आणलेल्या माणसांचे वंशज. घाट चढून या जंगलात आले आणि राहिले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि त्यांची घरची बोली कोकणी-मराठीच्या इतकी जवळची आहे की आपल्याला बरीचशी कळते. सिद्दी बायका आधी तुकडे जोडून मग अस्तर लावत नाहीत. जुनी साडी खाली अंथरून एका कोपऱ्यापासून ठिगळं लावत, कडेकडेने फिरत मध्याकडे येतात. ठिगळ लावणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं. चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांचं एक फूल येतं. ते नसेल तर कौदी उघडी राहिली, असं मानतात. ख्रिस्ती घरातल्या कौदीवर क्रूस दिसतो, मुसलमान घरातल्या कौदीवर चंद्रकोर, आणि शिवण्याची रीत तीच.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले कलाइतिहासकार हेन्री ड्रूअल इथे आले आणि २००४ साली या बायकांची एक सहकारी संस्था उभी राहिली. २०११ मध्ये त्यांच्या कौद्या न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या शोम्बर्ग केंद्रात लागल्या. बेंगळूरुच्या कलाकार अनिता एन. रेड्डी यांनीही सिद्दी बायकांबरोबर काम करून या कौद्या कलादालनांपर्यंत नेल्या आहेत. नाव झालं, याचा आनंद आहेच. पण बाजार आला की मोजपट्टी येते, आणि यातून काय होतं ते अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात आधी होऊन गेलं आहे.

१९६६ साली तिथल्या विलकॉक्स काउंटीतल्या गरीब काळ्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. ‘बी’ म्हणजे सगळ्यांनी मिळून काम उरकण्याची बैठक. अमेरिकेत गोधडी लाकडी चौकटीवर ताणतात, म्हणून चौकटीच्या चारही बाजूंना आठ-दहा जणी एकाच वेळी बसू शकतात. आपल्याकडे चौकट नाही, कापड गुडघ्याखाली दाबून ताणायचं, म्हणून दोघी-तिघींच्या वर गर्दी होते. संस्थेला न्यूयॉर्कच्या दुकानांच्या ऑर्डरी मिळाल्या, हातात पैसे आले. मात्र दुकानांना एकाच मापाचा, एकाच नक्षीचा माल हवा होता. आजीपासून चालत आलेल्या वेड्यावाकड्या मांडण्या तिथे चालेनात. १९७२ मध्ये सीअर्स कंपनीचं कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम आलं. अभ्रे ठरल्या मापाने शिवले आणि उरलेलं कॉर्डरॉय बायकांनी घरी नेऊन स्वतःच्या मनासारख्या गोधड्या केल्या. जवळच्या जीज बेंड गावातल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली, आणि वाहवा झाली त्यांत या उरलेल्या कॉर्डरॉयच्या गोधड्याही आहेत. अभ्र्यांची आठवण कोणी काढत नाही.

जयनगरमध्ये उलटं चाललंय. इथे बाजाराचा दबाव नाही, तरी मैत्रिणी महागडी छापील कापडं विकत आणतात, ती रोटरी कटरने एकसारखी चौकोनी कापतात आणि पुन्हा जोडतात. दिसायला सुरेख, पण त्यात कुणाचं काही नसतं. चौथ्या ब्लॉकच्या आसपास ब्लाउज शिवणारी एवढी दुकानं आहेत. त्यांतली काही भावसार आणि नामदेव शिंप्यांची, पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात राहून घरात मराठी बोलणाऱ्यांची. त्यांच्या टेबलाखालच्या पोत्यात अस्तराचं कातरण पडलेलं असतं. ब्लाउजचं अस्तर बहुधा सुती, आणि साडीला जुळवून आणलेलं म्हणून रंग सगळे. “मावशी, सिल्कचं नको ना? मग अस्तराचं वेगळं काढून ठेवतो, शनिवारी न्या,” एवढ्यावर काम होतं. फक्त हे कापड न धुतलेलं असतं, तेव्हा आधी गरम पाण्यातून काढायचं.

या बैठकांत एक माणूस मात्र दिसत नाही: तयार कपड्यांच्या कारखान्यातली शिलाई कामगार. ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका जयनगरजवळच्या आर. व्ही. रोडवरून थेट बोम्मनहळ्ळीला जाते. तिथल्या कारखान्यांत शिवणाऱ्या बहुतेक बायकाच. शिवणकाम आपल्यापेक्षा त्यांना किती तरी जास्त येतं, पण आठवडाभर मशीनवर वाकल्यावर रविवारी पुन्हा सुई धरायची हौस कुणाला असणार! त्यांना बोलवायचं असेल तर शिकवण्याचे पैसे द्यावेत. समाज जोडतोय म्हणून फुकट बोलावू नये.

शिवण्यासारखेच धुण्यालाही एकीहून जास्त हात लागतात. गावाकडे घटस्थापनेच्या आधी गोधड्या नदीवर नेतात. ओली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून उलट दिशेने पीळ द्यावा लागतो. घरच्या वॉशिंग मशीनमध्ये ती कोंबली तर पाणी पिऊन एका बाजूला बसते, ड्रम धडधडतो, आणि जुने टाके तुटतात ते वेगळंच. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळूरुला टँकरची वाट बघावी लागली, तेव्हा गोधड्या नुसत्या उन्हात टाकून झोडपण्यावर भागवलं गेलं. तेही चालतं.

राहता राहिला प्रश्न, सगळ्यांनी मिळून शिवलेली गोधडी न्यायची कोणी? यावर भिशीसारखा सोपा उपाय नाही. आठ जणी, दर दोन महिन्यांनी एक गोधडी, चिठ्ठी निघेल तिची. तिने आपल्या घरातली एक मोठी साडी अस्तराला द्यायची, बाकीच्यांनी वरचे तुकडे. थर सगळ्यांनी एकत्र लावायचे, मग गोधडी आठवडा-आठवडा एकेकीच्या घरी फिरते. एक अडचण आहे, आधीच सांगते. पहिला नंबर सगळ्यांनाच हवा असतो, आणि पहिल्या गोधडीत आठ जणींचे शिकाऊ टाके येतात. आठव्या नंबरवालीला सोळा महिने थांबावं लागतं, पण तिची गोधडी सरळ रेषेत येते.