टाकणखार, सोडा आणि चांदी : बंद पडलेल्या डार्करूम-रसायनांचा माग

फिल्मवरच्या छायाचित्रणात लागणारे एखादे रसायन बाजारातून नाहीसे झाले असे म्हटले जाते, तेव्हा बहुतेक वेळा नाहीसे झालेले असते ते एखाद्या कंपनीचे पाकीट. त्या पाकिटात मिसळलेले पदार्थ मात्र दुसऱ्या कोणत्या तरी धंद्याच्या गरजेपोटी तयार होतच राहतात. पाकीट मिळेनासे झाले म्हणून डार्करूमला कुलूप लावणारा आणि त्यातील घटक ओळखून ते सुटे मिळवणारा, या दोघांमध्ये फरक असतो तो केवळ माहितीचा. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे ठिकाण असलेले, येरळा नदीच्या काठी वसलेले वडूज आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी हा पर्जन्यछायेचा पट्टा या दृष्टीने मुद्दाम अभ्यासण्याजोगा आहे. पावसाने वारंवार दगा दिल्यामुळे येथील हजारो कुटुंबांनी गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, व्यवसाय पत्करला आणि तो देशभरच्या सराफ बाजारांत नेला. आणि डार्करूमला लागणाऱ्या वस्तूंपैकी दोन महत्त्वाच्या वस्तू, टाकणखार आणि चांदी, याच व्यवसायाच्या रोजच्या हाताळणीतल्या आहेत.

पाकिटांचा पुरवठा आटण्याची प्रक्रिया एका दिवसात घडलेली नाही. जर्मनीतील आग्फाफोटो ही कंपनी २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याच वर्षी कोडॅकने कृष्णधवल छपाईचा कागद बनवणे थांबवल्याचे जाहीर केले, आणि २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅकने दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले. १८४७ पासून छायाचित्रणाची रसायने बनवणारी आणि इतर नामवंत कंपन्यांनाही ती पुरवणारी जर्मनीची टेटेनाल ही कंपनी २०१८ मध्ये अडचणीत आली, तेव्हा अनेक वेगवेगळ्या नावांच्या बाटल्या प्रत्यक्षात एकाच कारखान्यातून भरल्या जात होत्या, हे छायाचित्रकारांच्या ध्यानात आले. भारतापुरते बोलायचे तर उटकमंड येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या आणि १९६७ पासून उत्पादन करणाऱ्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचा अस्त अधिक जिव्हारी लागणारा आहे, कारण तिच्या 'इंदू' नावाच्या फिल्मने आणि कागदाने तालुक्याच्या गावांतील स्टुडिओंना परकीय चलनावर अवलंबून न राहता काम करण्याची सोय करून दिली होती.

तयार पाकिटांवरचे हे अवलंबित्व मुळात अलीकडचे आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्या कामात पुढाकार घेणाऱ्यांत डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे वैद्यकीय पदवीधर होते, हा योगायोग नव्हे. त्या काळी काच लेपण्यापासून प्रतिमा पक्की करण्यापर्यंतची प्रत्येक पायरी छायाचित्रकाराला स्वतः रसायने मिसळून पार पाडावी लागे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची फिल्म दादरच्या राहत्या घरीच धुतली गेली आणि फिल्मला भोके पाडण्यापासून रसायने कालवण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई फाळके यांनी केली. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्यांच्या या श्रमांना मिळालेली जागा अजूनही तोकडीच आहे. पुढील काळातही लहान गावांतील स्टुडिओवाले मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट आणि सोडा हे पदार्थ सुटे आणून तराजूवर तोलून घेत, कारण ते पाकिटापेक्षा स्वस्त पडे. आजच्या टंचाईवरचा उपाय पुष्कळसा या जुन्या सवयीकडे परतण्याचाच आहे.

डेव्हलपर म्हणजे फिल्मवर प्रकाश पडलेल्या ठिकाणच्या रौप्य-हॅलाइडाच्या कणांचे काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करणारे द्रावण. त्यात चार प्रकारचे घटक असतात : प्रत्यक्ष हे काम करणारा क्षपणक, त्याला हवेतील प्राणवायूपासून वाचवणारे सल्फाइट, त्याला चालना देणारा अल्कली, आणि प्रकाश न पडलेले कण काळवंडू नयेत म्हणून कधी कधी घातले जाणारे पोटॅशियम ब्रोमाइड. कोडॅकने १९२७ मध्ये आणलेला आणि आजही प्रमाण मानला जाणारा डी-७६ हा डेव्हलपर एक लिटर पाण्यात २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम टाकणखार एवढ्याने तयार होतो; यांतील मेटॉल आणि हायड्रोक्विनोन हे क्षपणक, तर टाकणखार हा अल्कली. हे प्रमाण प्रसिद्ध आहे, त्यावर कोणाची मालकी नाही, आणि ते बनवणारी कंपनी राहिली काय किंवा गेली काय, त्याने त्यात काही बदल होत नाही. ज्या डेव्हलपरांची कृती कंपन्यांनी गुप्त ठेवली, उदाहरणार्थ कोडॅकचा मायक्रोडॉल-एक्स, त्यांच्या बाबतीत मात्र पाकिटाबरोबर ज्ञानही बंद झाले. हे नुकसान टाळता येण्याजोगे होते, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

कृती प्रसिद्ध असली तरी ती हाताने करताना काही बारकावे सांभाळावे लागतात. पाणी सुमारे ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग सगळे मेटॉल आणि ते पूर्ण विरघळल्यानंतरच उरलेले सल्फाइट टाकायचे असते, कारण सल्फाइटाच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही, आणि चिमूटभर सल्फाइट आधी नसेल तर मेटॉल हवेने तपकिरी पडू लागते. त्यानंतर हायड्रोक्विनोन आणि शेवटी टाकणखार. हा टाकणखार म्हणजे गलाईच्या मुशीत, धातूतील मळ वितळवून वर आणण्यासाठी, टाकला जातो तोच पदार्थ. येथे एक दक्षता अवश्य घ्यावी लागते : कृतीतील २ ग्रॅम हे स्फटिकरूप टाकणखाराचे वजन आहे, आणि त्या स्फटिकात वजनाने जवळजवळ निम्मे पाणीच असते; त्यामुळे तव्यावर फुलवून केलेली टाकणखाराची लाही वापरायची झाल्यास साधारण १ ग्रॅम पुरे होते. धुण्याच्या सोड्याचेही असेच आहे. खडेदार सोडा आणि पाणी उडालेली कोरडी भुकटी यांच्यात वजनाला जवळजवळ पावणेतीन पटींचा फरक पडतो, आणि हा फरक न ओळखल्यामुळे फसलेल्या धुलाईचा दोष विनाकारण फिल्मच्या माथी मारला जातो.

कोणता घटक टिकेल आणि कोणता दुर्मीळ होईल, हे छायाचित्रणाबाहेर त्याला गिऱ्हाईक कोण आहे यावर ठरते. हायड्रोक्विनोनचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या परंपरेतून पुढे आलेल्या कॅम्लिन फाइन सायन्सेस या कंपनीने २०११ मध्ये इटलीतील रॅव्हेन्ना येथील हायड्रोक्विनोन आणि कॅटेकॉल बनवणारा कारखाना विकत घेतला आणि नंतर गुजरातेत दहेज येथेही हे पदार्थ बनवण्याची सोय उभारली. त्यामागे डार्करूम नव्हती, तर खाद्यतेल खवट होऊ न देणाऱ्या पदार्थांचा मोठा व्यापार होता. सोडियम सल्फाइट पाणीशुद्धी आणि कागद उद्योगाला लागते. हायपो, म्हणजे प्रतिमा पक्की करणारे सोडियम थायोसल्फेट, पाण्यातील क्लोरीन काढण्यासाठी सर्रास वापरले जाते. या सगळ्यांत एकटे पडलेले आहे ते मेटॉल, कारण त्याचा जवळजवळ सगळा खप छायाचित्रणातच होता. केवळ ७.५ ग्रॅम मेटॉल आणि १०० ग्रॅम सल्फाइट यांतून होणारा डी-२३ हा डेव्हलपर नवख्यांसाठी उत्तम असला, तरी तो पूर्णपणे या एकाकी पदार्थावर उभा आहे. म्हणून मेटॉल मिळते आहे तोवर ते घट्ट झाकणाच्या, गडद रंगाच्या बाटलीत साठवून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

मेटॉलशिवायचा मार्गही आहे, आणि तो औषधाच्या दुकानातून जातो. १८९१ मध्ये मोम्मे आंद्रेसेन या रसायनज्ञाने पेटंट घेतलेल्या रोडिनाल या डेव्हलपरचा मुख्य घटक पॅरा-अमिनोफिनॉल हा होय, आणि तापावरची पॅरासिटामॉल ही याच पदार्थाला अॅसिटिल गट जोडून केलेली असते. तो गट कॉस्टिक सोड्याने तोडता येतो. ५०० मिलिग्रॅमच्या ३० गोळ्या कुटून, ५० ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि २० ग्रॅम कॉस्टिक सोडा यांच्यासह २५० मिलिलिटर द्रावण करून, ते काठोकाठ भरलेल्या बाटलीत सुमारे तीन दिवस ठेवले असता रोडिनालच्या जवळ जाणारा दाट डेव्हलपर तयार होतो. गोळीतील स्टार्च तळाशी बसतो, आणि वरचे द्रावण पन्नास पट पाण्यात मिसळून वापरता येते. कॉस्टिक सोडा पाण्यात थोडा थोडा टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण द्रावण एकदम तापून अंगावर उडते. हातमोजे आणि चष्मा यांच्याविना हे काम करणे म्हणजे डोळे धोक्यात घालणे होय. याहून सौम्य पर्याय १९९५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्कॉट विल्यम्स यांच्या वर्गात पुढे आला : झटपट कॉफी, धुण्याचा सोडा आणि नंतर त्यात भर पडलेले क जीवनसत्त्व यांचे मिश्रण, ज्यात कॉफीतील कॅफेइक आम्ल क्षपणकाचे काम करते. त्याचे निगेटिव्ह किंचित डागाळतात, परंतु ते छापता येतात.

परदेशी पुस्तकांतील कृती २० अंश तापमान आणि मऊ पाणी गृहीत धरून लिहिलेल्या असतात, आणि खटाव परिसराच्या उन्हाळ्यात या दोन्ही गोष्टी दुर्मीळ. विंधनविहिरीच्या जड पाण्यातील कॅल्शियम डेव्हलपरमधील सल्फाइट-कार्बोनेटाशी संयोग पावून फिल्मवर पांढरट साका धरते. त्यावर गाड्यांच्या बॅटरीसाठी विकले जाणारे ऊर्ध्वपातित पाणी हा सरळ उपाय आहे. उष्णतेने फिल्मवरील जिलेटिनचा थर फुगून सुटू लागतो, म्हणून डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून ही फूग आवरतात आणि हायपोमध्ये तुरटी घालून तो थर कडक करतात. कोडॅकच्या एफ-५ या जुन्या, प्रसिद्ध कृतीत लिटरला २४० ग्रॅम हायपोबरोबर १५ ग्रॅम तुरटी आणि ७.५ ग्रॅम बोरिक आम्ल असते, आणि हे दोन्ही पदार्थ तालुक्याच्या पेठेत मिळतात.

सुट्या पदार्थांच्या या मार्गाला मर्यादा आहे, आणि ती रंगाच्या उंबरठ्याशी येते. रंगीत फिल्मचे डेव्हलपर विशिष्ट आणि गुंतागुंतीच्या क्षपणकांवर चालतात, जे किराणा किंवा औषधाच्या दुकानातील कोणत्याही वस्तूतून घडवता येत नाहीत. कोडॅक्रोम या फिल्मचे रंग तर फिल्ममध्ये नसून धुलाईच्या द्रावणांतच असत, त्यामुळे अमेरिकेत कॅन्सस राज्यातील पार्सन्स येथील शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस ती धुण्यासाठी घेणे थांबवले तेव्हा न धुतलेल्या कोडॅक्रोममधून रंग मिळवण्याचा व्यावसायिक मार्गच बंद झाला. कारखान्यातून निघालेला अखेरचा रोल स्टीव्ह मॅककरी यांनी वापरला आणि त्यातील काही छायाचित्रे मुंबईत आणि राजस्थानात टिपली, एवढाच त्या इतिहासाचा भारताशी संबंध.

छपाईच्या कागदाचा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि येथे गलाईचे कौशल्य थेट उपयोगी पडते. वापरलेल्या हायपोत फिल्म-कागदावरून सुटलेली चांदी दर लिटरला काही ग्रॅमपर्यंत साठते. ती गटारात सोडणे जलचरांना घातक आणि नासाडीचेही आहे. द्रावणात लोखंडी तारेचा चोथा बुडवून ठेवला असता लोखंड विरघळते आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपाने बाहेर पडते, जो वाळवून, टाकणखारासह मुशीत सुमारे ९६२ अंशांच्या वर तापवला की धातूचा गोळा हाती येतो. हीच चांदी शुद्ध करून नायट्रिक आम्लात विरघळवली तर १०८ ग्रॅम चांदीपासून १७० ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट मिळते, आणि हा पदार्थ म्हणजे छायाचित्रणाच्या कागदाचा पाया होय. टॅलबटने १८३९ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीप्रमाणे साध्या मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या चांगल्या कागदावर सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवून, त्याला निगेटिव्ह घट्ट लावून उन्हात ठेवले की प्रतिमा डेव्हलपरविनाच उमटते, आणि हायपोने ती पक्की होते. सिल्व्हर नायट्रेट त्वचेवर काळे डाग पाडते व डोळ्यांना इजा करते, आणि नायट्रिक आम्लाची तांबूस वाफ विषारी असते, त्यामुळे हे टप्पे ज्याला ते काम येते त्याच्याच हाती आणि मोकळ्या हवेत व्हावेत. अशा प्रतिमेतील चांदी हवेतील गंधकाने पिवळी पडते, म्हणून एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकार ती पक्की करण्यापूर्वी सोन्याच्या क्लोराइडाच्या अत्यंत पातळ द्रावणातून काढत आणि चांदीच्या कणांवर सोन्याचा थर चढवून तिचा रंग तपकिरीवरून जांभळट करत. ते क्लोराइड सोने अम्लराजात, म्हणजे नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, विरघळवून मिळते, आणि सोने शुद्ध करण्याची हीच रीत विटा-वडूज परिसरातील गलाईवाल्यांच्या घरोघरी ठाऊक आहे.