अर्धं यंत्र कॅसेटमध्ये
खेळयंत्रांची घडण : भाग ५

मागच्या भागात आपण निन्टेन्डोला पत्त्यांच्या कारखान्यापासून 'गेम अँड वॉच' या हातात मावणाऱ्या खेळयंत्रापर्यंत आणून सोडलं होतं. १८८९ साली क्योटोत फुसाजिरो यामाउची यांनी फुलापानांच्या चित्रांचे पत्ते विकायला सुरुवात केली. त्यांचे पणतू हिरोशी यामाउची १९४९मध्ये गादीवर आले आणि गुनपेई योकोई यांच्यासारख्या कल्पक माणसांच्या हातून या पत्त्यांच्या कंपनीची खेळण्यांची कंपनी झाली. आज तिनं १९८३ साली बाजारात आणलेलं यंत्र उघडून पाहू. जपानमध्ये त्याचं नाव 'फॅमिली कॉम्प्युटर', लाडानं फॅमिकॉम. अमेरिकेत 'निन्टेन्डो एन्टरटेनमेन्ट सिस्टीम', म्हणजे एनईएस. दोन्ही मिळून ६ कोटी १९ लाख यंत्रं खपली.

इतकं खपलेलं हे यंत्र खरं तर अपुरं होतं. किंमत आवाक्यात राहावी म्हणून त्याला कमीत कमी सामग्री दिलेली होती. राहिलेली कसर कॅसेटनं भरून काढली. या यंत्राचं मोठेपण, निन्टेन्डोची दादागिरी आणि आपल्याकडे गल्लोगल्ली पोचलेल्या नकला, या तिन्ही गोष्टींचा उलगडा या कॅसेटपाशी होतो.

किमतीचं गणित

१९८१मध्ये शिगेरु मियामोतो यांचा 'डाँकी काँग' हा खेळ आर्केडमध्ये धो धो चालत होता. यामाउचींनी मासायुकी उएमुरा यांना काम सांगितलं : असले खेळ घरच्या टीव्हीवर खेळता आले पाहिजेत, कॅसेट बदलली की खेळ बदलला पाहिजे, आणि यंत्र इतकं स्वस्त हवं की स्पर्धकांना निदान वर्षभर तरी त्याला तोड सापडू नये. उएमुरा मूळचे शार्प कंपनीतले. सौरघट विकायला ते निन्टेन्डोत यायचे. योकोईंनी त्याच सौरघटांचा वापर करून प्रकाशानं नेम साधणारी खेळण्यातली बंदूक काढली आणि पुढे उएमुराही निन्टेन्डोचेच झाले.

स्वस्त यंत्रासाठी स्वस्त चिप हवी. रिको कंपनीच्या चिप-कारखान्याला त्या वेळी पुरेसं काम नव्हतं. यामाउचींनी तिला ३० लाख चिपा उचलण्याची हमी दिली आणि भाव पाडून घेतला. रिकोनं '६५०२' हा जुना, आकारानं लहान प्रोसेसर घेतला, त्यातला खेळांना न लागणारा दशमान गणिताचा भाग बंद केला आणि त्याच चिपवर आवाजाचं सर्किट बसवलं. चित्र काढायला दुसरी चिप. प्रोसेसरचा वेग १.७९ मेगाहर्ट्झ, कामाची मेमरी २ किलोबाइट, चित्रासाठी आणखी २ किलोबाइट. बस्स.

काटकसर बाहेरूनही दिसते. दोन्ही रिमोट यंत्राला कायमचे जोडलेले, म्हणजे प्लग-सॉकेटचा खर्च वाचला. स्टार्ट आणि सिलेक्टची बटणं फक्त पहिल्या रिमोटवर; दुसऱ्यावर त्या जागी चक्क मायक्रोफोन. जॉयस्टिकचा दांडा महाग आणि सहज मोडणारा, म्हणून योकोईंनी १९८२च्या 'डाँकी काँग गेम अँड वॉच'साठी केलेलं अधिक-चिन्हाच्या आकाराचं बटण इथं आलं. आज कुठल्याही कंपनीचा रिमोट हातात घ्या, डाव्या अंगठ्याखाली त्याच बटणाचा वंशज सापडेल.

१५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनांना फॅमिकॉम विक्रीला आलं. सुरुवात मात्र अडखळत झाली. पहिल्या खेपेतल्या यंत्रांत चिपचा दोष निघाला, खेळ मध्येच अडकायचा. यामाउचींनी माल परत मागवला आणि सर्किट बदलून दिलं. रबराची चौकोनी बटणं चिकटून बसायची, तीही बदलून गोल आणि कडक केली. एवढं निस्तरल्यावर यंत्रानं जपान काबीज केलं.

४० किलोबाइटमधला मारिओ

या यंत्राचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. एकेका ठिपक्याला चारच रंगांची मुभा दिली, तरी एक पडदा साठवायला १५ किलोबाइट लागतात. जवळ होते २. म्हणून फॅमिकॉम पूर्ण चित्र साठवतच नाही. ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटी कॅसेटमध्ये असतात आणि कुठल्या जागी कितव्या नंबरची चौकट बसवायची, एवढीच यादी यंत्राच्या मेमरीत राहते. अशा ९६० चौकटी जोडून एक पडदा उभा राहतो. पार्श्वभूमीसाठी २५६ आणि हलणाऱ्या पात्रांसाठी २५६, एवढ्याच वेगवेगळ्या चौकटी एका वेळी हाताशी असतात.

सप्टेंबर १९८५मध्ये आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा या मर्यादेत बसवलेल्या खेळाचा उत्तम नमुना. प्रोग्रॅम ३२ किलोबाइट, चित्रं ८ किलोबाइट. साध्या कॅसेटमधून प्रोसेसरला आणि चित्राच्या चिपला थेट जेवढं दिसू शकतं तेवढं सगळं वापरून टाकलेलं. मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या चमूला त्यामुळे प्रत्येक चौकट दोनदा राबवावी लागली. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट पाहा : चित्र एकच आहे, वर पांढरं, खाली हिरवं. मारिओच्या वाटेत येणारा तो तपकिरी गूम्बा पाय टाकत चालल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात एकच चित्र डावं-उजवं उलटवलेलं असतं. पाचव्या जगातला चौथा टप्पा म्हणजे दुसऱ्या जगातला चौथाच, अडथळे वाढवून पुन्हा दिलेला.

याहून गमतीचं काम वरच्या पट्टीत चाललेलं असतं. गुण आणि वेळ दाखवणारी ती पट्टी स्थिर राहते आणि खालचं जग सरकतं. पण या चिपला सरकवायचं तर सगळं सरकवता येतं. अर्धाच पडदा सरकवण्याची सोय तिच्यात नाही. तोडगा असा : पट्टीतल्या नाण्याच्या तळाशी एक हलणारं पात्र दडवून ठेवलेलं आहे. टीव्हीवर चित्र वरून खाली ओळीओळीनं उमटत त्या नाण्यापर्यंत आलं की चिप तशी खूण करते. तोवर प्रोग्रॅम त्या खुणेची वाट पाहत थांबतो आणि खूण मिळाली की खालचा भाग सरकवतो. सेकंदाला ६० वेळा हा खेळ चालतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

पडदे बदलणारी चिप

४० किलोबाइटची भिंत ओलांडायची कशी? फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना होत्या. त्यांतून प्रोसेसरच्या तारा बाहेर येत होत्या आणि चित्राच्या चिपच्याही. म्हणजे कॅसेटला यंत्राच्या दोन्ही अंगांत थेट हात घालता येत होता. मग कॅसेटमध्ये मोठी मेमरी आणि जोडीला एक नियंत्रक चिप बसवली, की काम झालं. संगीत नाटकात रंगमंच तेवढाच असतो आणि मागचे पडदे बदलले की राजवाड्याचं अरण्य होतं. ही चिप यंत्रासमोर मेमरीचे तुकडे तसेच आलटून पालटून लावते. यंत्राला नेहमी तेवढंच दिसतं, पण दर वेळी वेगळं.

१९८८च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'मध्ये ३८४ किलोबाइट आहेत, म्हणजे पहिल्या मारिओच्या नऊपटींहून जास्त. त्याच्या कॅसेटमधली 'एमएमसी३' चिप मेमरी तर बदलतेच, शिवाय टीव्हीच्या ओळीही मोजते आणि ठरलेल्या ओळीवर प्रोसेसरला हाक मारते. नाण्याखाली पात्र दडवून वाट पाहत बसण्याची गरज उरली नाही. कोनामी या खेळ बनवणाऱ्या कंपनीनं १९८९च्या 'अकुमाजो देन्सेत्सु'च्या कॅसेटमध्ये आवाजाचे तीन जादा स्वर घातले, कारण जपानी यंत्रात आवाजही कॅसेटमधून फिरून बाहेर पडायचा. अमेरिकी यंत्राच्या कॅसेटला ती वाट नव्हती. तिथं हाच खेळ 'कॅसलव्हेनिया ३' म्हणून गेला तेव्हा ते स्वर गळाले. 'लिजंड ऑफ झेल्डा'च्या अमेरिकी कॅसेटमध्ये तर छोटी बॅटरी बसवली होती. यंत्र बंद केलं तरी खेळ जिथं थांबवला तिथली नोंद राहायची.

घरातलं यंत्र १९८३चंच, पण त्यात दर वर्षी नवं डोकं बसत होतं. ग्राहक ते डोकं खेळाच्या किमतीत विकत घेत होता.

कुलूप आणि किल्ली

अमेरिकेची गोष्ट वेगळी. १९८३मध्ये तिथला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. कुणीही उठून अटारी कंपनीच्या यंत्रासाठी खेळ काढायचा, दुकानं रद्दी मालानं भरली, दुकानदारांचे हात पोळले. अटारीनं न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथं जमिनीत पुरल्या. २०१४मध्ये त्या उकरूनही काढल्या गेल्या. अशा बाजारात १९८५च्या ऑक्टोबरमध्ये निन्टेन्डो न्यूयॉर्कमध्ये उतरली. यंत्राला मुद्दाम व्हीसीआरसारखं रूप दिलं, कॅसेट समोरून आत सरकवून खाली दाबायची. सोबत 'रॉब' नावाचा यंत्रमानव, म्हणजे दुकानदारानं हे खेळणं समजून ठेवून घ्यावं.

खरा बदल आत होता. यंत्रात एक कुलूपचिप आणि प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये तिची जोडीदार. यंत्र सुरू झालं की दोघी एकाच तालात तेच गणित करतात आणि उत्तरं ताडून पाहतात. जमलं नाही तर यंत्रातली चिप प्रोसेसरला सेकंदाला सुमारे एकदा पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. खोटी कॅसेट चालूच नये म्हणून हा बंदोबस्त. पण समोरून सरकवण्याच्या त्या यंत्रणेत पिना लवकर सैल व्हायच्या, खऱ्या कॅसेटचंही उत्तर नीट पोचेना, आणि लाल दिवा लुकलुकत राहायचा. अमेरिकी पोरं कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारत. फायदा व्हायचा तो कॅसेट पुन्हा बसवल्याचा. फुंकरीतल्या ओलीनं पिना उलट गंजत. निन्टेन्डो स्वतः फुंकू नका म्हणून सांगत होती. १९९३मध्ये तिनं वरून कॅसेट बसवायचं सुटसुटीत एनईएस काढलं, त्यात कुलूपचिप ठेवलीच नाही.

तोवर कुलपानं आपलं काम केलं होतं. किल्ली निन्टेन्डोच्या हाती, म्हणून अटीही तिच्याच : कॅसेट आम्हीच बनवणार, पैसे आधी, एका कंपनीनं वर्षाला पाचच खेळ काढायचे, आणि तो खेळ दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर न्यायचा नाही. कोनामीनं 'अल्ट्रा गेम्स' नावाची दुसरी कंपनी थाटून पाचाच्या मर्यादेतून वाट काढली. काहींनी विजेचा झटका देऊन कुलूपचिप बधिर करणाऱ्या कॅसेट विकल्या. अटारी गेम्सनं तर खटल्यासाठी हवा आहे असं सांगून कॉपीराइट कार्यालयातून कुलपाचा प्रोग्रॅमच मिळवला आणि 'टेन्जेन' या नावाखाली स्वतःची चिप काढली. १९९२मध्ये न्यायालयात निकाल निन्टेन्डोच्या बाजूनं लागला.

कुलूप नसलेली वाट

जपानी फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हतंच. म्हणून नक्कल करणाऱ्यांनी अमेरिकी यंत्राऐवजी जपानी यंत्र निवडलं. पुढे फॅमिकॉमचं सगळं सर्किट एकाच चिपवर मावू लागलं आणि नक्कल आणखी स्वस्त झाली. रशियात हीच नक्कल १९९२पासून 'डेंडी' नावानं घराघरांत गेली, चीनमध्ये 'सुबोर' नावानं. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या बाजारापर्यंत जे 'टीव्ही गेम' मिळत, त्यांतही अशी यंत्रं मुबलक होती. दुसऱ्या रिमोटवर स्टार्टचं बटण का नाही, हा तेव्हा अनेक धाकट्या भावंडांना पडलेला प्रश्न. त्याचं उत्तर उएमुरांच्या १९८३च्या काटकसरीत आहे. आपल्याकडेही कॅसेटमध्ये फुंकर मारली जायची, पण इथं दिवा लुकलुकायचा नाही. कुलूपच नसल्यामुळे यंत्र सुरू व्हायचं आणि पडद्यावर चौकटींचा काला दिसायचा. कारण उघड आहे : पिना टेकल्या नाहीत की कॅसेटमधल्या चौकटींचा नंबर चुकतो.

'९९९९ इन १' या कॅसेटमागेही तेच पडदे बदलायचं तंत्र. आत 'कॉन्ट्रा', 'सर्कस चार्ली', रणगाड्यांची 'बॅटल सिटी' असे मोजकेच खेळ असायचे. यादीतून नाव निवडलं की सर्किट त्या खेळाचा मेमरीचा तुकडा यंत्रासमोर लावायचं. उरलेली हजारो नावं म्हणजे तेच खेळ, कुणी तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारा, कुणी जास्त जीव दिलेला.

कॅसेटमध्ये अर्धं यंत्र ठेवण्याचा फायदा निन्टेन्डोला इतका झाला, की तिला ती सोडवेना. १९९६च्या 'निन्टेन्डो ६४'लाही तिनं कॅसेटच ठेवली. खेळ झटकन सुरू व्हायचा, नक्कल करणं अवघड, आणि बनवण्याची सूत्रं हातात. पण तिच्या सर्वांत मोठ्या कॅसेटमध्ये ६४ मेगाबाइट मावत आणि सोनीच्या प्लेस्टेशनच्या सीडीत साडेसहाशेच्या आसपास. वर सीडी कवडीमोलात छापून व्हायची. फॅमिकॉमवर नाव कमावलेली स्क्वेअर कंपनी १९९७मध्ये 'फायनल फँटसी ७' घेऊन प्लेस्टेशनकडे गेली. तो खेळ तीन सीडींचा होता. पुरवणी चिपा लावून त्याला कॅसेटमध्ये बसवता आलं नसतं, कारण आता अडचण यंत्राच्या ताकदीची नव्हती, जागेची आणि भावाची होती. १९८३मध्ये भावाच्या गणितानं जिंकलेली कंपनी तेरा वर्षांनी त्याच गणितात मागे पडली.

पुढच्या भागात : १९९१च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीनं निन्टेन्डोबरोबरच्या यंत्राची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोनं फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. प्लेस्टेशनचा जन्म त्या भांडणातून कसा झाला, ते पाहू.