त्याचा शर्ट कुठे आहे? : आपलं माणूस ‘केंद्रात’ ठेवताना

‘मी गेल्यावर याचं कोण करणार?’ हा प्रश्न वस्तीत आम्ही किती आयांच्या तोंडून ऐकला असेल, त्याची मोजदाद नाही. मुलगा तीस-पस्तीसचा, स्किझोफ्रेनियाचा आजार जुना, बाप गेलेला, आणि आई दिवसभर चार घरची धुणीभांडी करते. अशाच एका मावशींनी गेल्या वर्षी मुलाला शहराबाहेरच्या एका खाजगी केंद्रात ठेवलं. मिळकतीतला मोठा वाटा तिकडे जातो. पावसाळ्यात त्यांच्यासोबत आम्हीही भेटीला गेलो.

खरं सांगायचं तर आधी आम्ही खूश झालो. फरशी पुसलेली, फिनेलचा वास, जेवण वेळेवर. मग मुलगा आला. डोकं तासलेलं, अंगावर बाकी सगळ्यांसारखाच करडा सदरा. आईला त्याने एवढंच विचारलं, ‘माय, माझा शर्ट कुठाय?’ शेजारी बसलेले व्यवस्थापक हसून म्हणाले, ‘इथे सगळे सारखेच.’ भेट संपेपर्यंत ते उठले नाहीत. मावशींनाही यात काही वावगं वाटलं नव्हतं. उवा होतात म्हणून डोकं करतात, असं त्यांना सांगितलेलं.

आजाऱ्यांची डोकी सरसकट भादरायला कायद्याने बंदी आहे. गणवेशाची सक्तीही करता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे: स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क, खाजगीपणा, स्वच्छ संडास-न्हाणीघर, पोटभर चांगलं अन्न, बायकांना पाळीसाठी पॅड. काम सक्तीने करून घ्यायचं नाही, आणि करून घेतलं तर मोबदला द्यायचा. आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची सोयही त्यात येते. म्हणजे आपल्या माणसाला पौर्णिमेला वंदना म्हणायची असेल तर त्याला अडवता येत नाही. बाहेरच्यांना भेटण्याचा आणि फोन करण्याचाही हक्क आहे. साखळीने बांधणं तर पूर्ण बेकायदा.

साखळीचा विषय जुना झाला असं कोणी समजू नये. तामिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी अशाच एका आश्रमाला आग लागली. माणसं साखळदंडाने बांधलेली होती, पळता आलं नाही. २८ जण गेले. त्यांनाही घरच्यांनी बरं व्हावं म्हणूनच ठेवलं होतं.

मग चांगली सोय म्हणजे कशी? त्याच तामिळनाडूत, चेन्नईला, ‘द बॅनियन’ नावाची संस्था १९९३ पासून रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठी काम करते. तिने ‘होम अगेन’ नावाने साधी घरं भाड्याने घेतली, तीही नेहमीच्या वस्तीत. एका घरात चार-पाच जणी, मदतीला एक कार्यकर्ती. भाजी काय करायची ते त्याच ठरवतात, बाजाराला जातात, जमेल ते काम करतात, शेजाऱ्यांशी भांडतात आणि बोलतातही. आपल्याकडे रत्नागिरीतही मनोरुग्णालयातल्या बायकांसाठी अशी घरं झाली. वर्षानुवर्षं वॉर्डात राहिलेली बाई घराच्या दाराची कडी स्वतः लावते, याचं मोल फिनेलच्या वासात कळत नाही. घरच्यांनी नेलं नाही एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात डांबून ठेवायचं नाही आणि अशा घरांची सोय सरकारने करायची, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात अशी घरं फार थोडी आहेत, म्हणून तर आपल्या आया खाजगी केंद्रांच्या दारात उभ्या राहतात.

तेव्हा दारात उभं राहून काय बघायचं? राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी झाल्याचा कागद मागा. संडासाला आतून कडी आहे का, रात्री कोण असतं, ते बघा. दिवसभर माणसं नुसती खाटेवर पडून असतील तर समजून घ्या. न कळवता जा, आणि आपल्या माणसाशी एकटं बोलू द्या असा आग्रह धरा. गोळ्यांची चिठ्ठी मागून घ्या. नाव, डोस, कधीपासून. काही गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते, हात थरथरतात, माणूस झोपाळतो. वजन कधी केलं, रक्त कधी तपासलं, हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर संशय घेणं नव्हे. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नका. शंका आली तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत.

मुलगा मतिमंद असेल, सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असेल, तर वाट वेगळी आहे. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. ‘मी गेल्यावर कोण’ याचं एक उत्तर तिथे लिहून ठेवता येतं. मनोरुग्णालाही आपला नामनिर्देशित प्रतिनिधी साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने नेमता येतो. ही कामं आई हिंडती-फिरती असतानाच करावीत.

मावशींची खरी भीती निराळी होती. ‘तक्रार केली तर त्याच्यावर राग काढतील, नाहीतर घेऊन जा म्हणतील.’ ही भीती खोटी नाही, आणि ‘घाबरू नका’ म्हणून ती जात नाही. म्हणून आम्ही एकटीला पाठवलं नाही. विहारात बसून अर्ज लिहिला. एक प्रत केंद्राला आणि एक मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील मिळाला. महिला, अनुसूचित जातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींना तो मोफत असतो, उत्पन्नाची अट नाही. त्यांचा फोन १५१००. दर भेटीला वस्तीतले दोघं सोबत जायचे, एवढं ठरलं.

पुढच्या भेटीला मुलगा त्याच्या चौकड्यांच्या शर्टात आला. व्यवस्थापक बाहेर थांबले. डोक्यावर केस बोटभर आलेत. नोंदणीचा कागद मात्र अजून दाखवलेला नाही. मंडळाच्या तारखेला मावशींसोबत आम्ही जाणार आहोत.